राणादा घुमा होता का?

जामचा चौरस्ता बोलक्या माणसांचा आहे. नागपूरहून हैदराबादला जाणारा मोठा रस्ता इथून हिंगणघाटकडे वळतो आणि दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरला जातो. गाडी थांबली की चहावाला, फळवाला, ऑटोवाला एकदमच ओरडायला लागतात. ज्याचा आवाज मोठा, त्याचं गिऱ्हाईक. अशा गावात जे पोरगं चार माणसांत तोंड उघडत नाही, त्याच्या मार्कांपेक्षा त्याच्या गप्प बसण्याची काळजी घरात जास्त होते.

२०१६ च्या ऑक्टोबरात झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' सुरू झाली, तेव्हा शेजारच्या काकू संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत. पाठकबाई समोर आल्या की ज्याची जीभ अडखळते, तो कोल्हापूरकडचा पैलवान राणादा त्यांचा फार लाडका. "बोलत नाही त काय झालं, मनानं साफ हाये बिचारा," असं त्या म्हणायच्या. आणि त्याच दमात दाराशी पुस्तक घेऊन बसलेल्या माझ्या भाच्याकडे मान वळवून विचारायच्या, "हा काहून असा घुम्यावानी बसते?"

भाचा तेव्हा आठवीत होता. त्याने मान वर केली नाही. पण मला तो प्रश्न लागला, आणि आजही सुटलेला नाही. तोच गुण पडद्यावर असला की साफ मनाचा पुरावा, आणि घराच्या दारात असला की खोट. हे कसं होतं? मालिकांतल्या अबोल पात्रांना आपण गेल्या पंचवीस वर्षांत कसं वाचलं, माणसांत वावरण्याची त्यांची हातोटी कशावरून जोखली, हे एकदा सलग मांडून बघावं असं तेव्हापासून मनात होतं.

आधी शब्दांकडे बघू, कारण निवाडा शब्दांतच झालेला असतो. लाजाळू, भिडस्त, मुखदुर्बळ, मितभाषी, अबोल, सोशिक, घुमा, आतल्या गाठीचा, शिष्ट, आखडू, माणूसघाणा. मराठीत गप्प माणसासाठी एवढे शब्द आहेत आणि त्यातले दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मुखदुर्बळ म्हटलं की आत पुष्कळ आहे, ओठांवर येत नाही एवढंच. भिडस्ताला समोरच्याचं मन मोडवत नाही. आतल्या गाठीच्या माणसाला बोलता येतं, तो ठरवून बोलत नाही. मितभाषी हा मान आहे, आणि तो बहुतेक वेळा पदावरच्या पुरुषालाच मिळतो. घुमा हा मला यातला सगळ्यात कठोर शब्द वाटतो, कारण तो वापरणाऱ्याला आत काय आहे हे जाणून घ्यायची इच्छाच उरलेली नसते. या सगळ्यांत 'अंतर्मुख' अलीकडचा. कार्ल युंगने १९२१ च्या आपल्या पुस्तकात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी मांडणी केली, आणि आता पालकसभेत शिक्षकही तो शब्द सहज वापरतात. शब्द सभ्य आहे. पण माणूस कशामुळे गप्प आहे, कोणासमोर गप्प आहे, हे तो सांगत नाही. आपले जुने शब्द निष्ठुर असतील, ते कारणापर्यंत जातात.

आता राणादाकडे येऊ. हार्दिक जोशीने उभा केलेला हा पैलवान मोठ्या घरातला, शेतीत रमणारा, फारसा न शिकलेला. बायकांशी बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. 'चालतंय की' हे त्याचं पालुपद महाराष्ट्रभर गेलं, अगदी आमच्या चौरस्त्यावरही. प्रेक्षकांनी त्याला लाजाळू आणि भोळा ठरवलं आणि तिथे विषय संपवला. मला मात्र तो दोन वेगळ्या ठिकाणी दोन वेगळे माणूस वाटतो. तालमीत आणि मातीत तो कमालीचा चतुर आहे. समोरचा कोणत्या पायावर भार देतोय, खांदा कधी सैल पडेल, हे पैलवानाला अर्ध्या श्वासात ओळखावं लागतं. दुसऱ्याचं शरीर वाचणं ही माणूस वाचण्याचीच विद्या आहे. शेतातल्या गड्यांशी, आबांशी, जिवलग बरकतशी त्याचं कुठेच अडत नाही. अडतं ते पाठकबाईंसमोर, म्हणजे अंजलीबाईंसमोर, कारण त्या शिकलेल्या आहेत, बाई आहेत, आणि त्यांच्या नजरेत आपण कमी ठरू अशी धास्ती त्याला आहे. म्हणजे हा लाजाळूपणा स्वभावाचा कमी, अंतराचा जास्त.

त्याची खरी कमतरता वेगळीच आहे आणि तिच्याकडे फार कमी प्रेक्षकांनी बोट दाखवलं. घरात कारस्थानं करणाऱ्या वहिनीसाहेबांवर त्याचा डोळे मिटून विश्वास आहे. गोड बोलण्यामागचा डाव त्याला दिसत नाही. माणसांत वावरण्याच्या हातोटीत कच्चेपणा म्हणायचाच असेल तर तो इथे आहे. अडखळणारी जीभ सुधारावी म्हणून सगळी मालिका धडपडते. फसणारं मन मात्र त्याचा चांगुलपणा म्हणून मिरवलं जातं. मला हे उलट वाटतं. अडखळण्याने कोणाचं काही बिघडत नाही. वहिनीसाहेबांवरच्या त्या भाबड्या विश्वासाची किंमत मात्र अंजलीला पुन्हापुन्हा मोजावी लागते.

'जुळून येती रेशीमगाठी'तली मेघना (२०१३ ते २०१५) हा अबोलपणाचा दुसरा नमुना, आणि माझ्या मते मराठी मालिकांतला सगळ्यात नीट लिहिलेला. प्राजक्ता माळीने केलेली ही मुलगी वडिलांच्या धाकात वाढलेली आहे. तिचं एका मुलावर प्रेम आहे, ते घरी सांगता येत नाही आणि लग्न दुसऱ्याशी ठरतं. सुरुवातीला अनेकांना ती मिळमिळीत वाटली. एवढी शिकलेली मुलगी, बोलत का नाही? पण देसायांच्या घरात आल्यावर बघा. तिथे नाना आणि माई आहेत, थट्टामस्करी आहे, चूक झाली तर कोणी अंगावर येत नाही. नवरा आदित्य तिचं खरं ऐकून घेतो. आणि हळूहळू ही मुलगी बोलायला लागते, हसायला लागते, घरातल्यांच्या मनातलं ओळखायला लागते. तिला कोणी बोलायला शिकवलं नाही. घर बदललं. एखाद्या पात्राची समज जोखायची तर ते जिथे निर्धास्त आहे तिथे जोखावी, हे या मालिकेने दाखवलं. आपण नेमकं त्याच्या उलट करतो. पाहुणे आले की पोराला पुढे ढकलतो, "सांग तुझं नाव" म्हणतो, आणि त्या अर्ध्या मिनिटावरून त्याचं आयुष्य ठरवतो.

'दिल दोस्ती दुनियादारी'तली रेश्माही याच वाटेने जाते. लग्न होऊन मुंबईत आलेली, नवऱ्याचं मन दुसरीकडे आहे हे कळल्यावर 'माजघर' नावाच्या त्या घरात आलेली मुलगी तिथल्या गोंगाटात उलगडत जाते. त्याच घरातला सुजय शिस्तीत स्वतःला मिटून घेणारा. त्याच्या मित्रांनी त्याची भरपूर चेष्टा केली, पण तो बदलला पाहिजे असा हट्ट धरला नाही. हे मला त्या मालिकेतलं फार मोलाचं वाटतं.

बायकांच्या गप्प राहण्याचा प्रश्न वेगळा काढावा लागतो, कारण तिथे 'सोशिक' हा शब्द वाट अडवून बसला आहे. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर 'आभाळमाया' आली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी शिकलेली, नोकरी करणारी. नवऱ्याचं दुसरीकडे मन गुंतल्यावर ती आकांडतांडव करत नाही. तिचं मोजकं बोलणं लोकांनी तोल म्हणून वाचलं. वीस वर्षांनी, २०१९ च्या डिसेंबरात स्टार प्रवाहवर 'आई कुठे काय करते' सुरू झाली. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधतीही मोजकं बोलणारी, नवराही तसाच बाहेर गुंतलेला. पण तिचं गप्प राहणं लोकांनी बावळटपणा म्हणून वाचलं. फरक काय? सुधाच्या हाती पगार होता, घराबाहेर तिच्या शब्दाला किंमत होती. अरुंधती स्वयंपाकघरात होती. शांतपणा तोच असला तरी तो वाचताना आपण आधी बाईची मिळकत बघतो.

अरुंधतीच्या बाबतीत मालिकेने पाच वर्षं घेतली. लग्नाला पंचवीस वर्षं होत असताना अनिरुद्धचं संजनाशी असलेलं नातं उघड होतं, पुढे घटस्फोट, गाणं, स्वतःच्या पायावर उभं राहणं. बहुतेक प्रेक्षकांनी हा प्रवास 'मुकी बाई बोलायला शिकली' असा वाचला. मला तो पटत नाही. पहिल्या भागापासून ती घरातल्या प्रत्येकाचं ओळखून आहे. सासऱ्यांना काय हवं, यश कशाने खट्टू आहे, ईशा का तोडून बोलते, हे तिला न सांगता कळतं. एवढी माणसं एकाच वेळी सांभाळणाऱ्या बाईकडे कौशल्य नाही म्हणायचं तर मग कौशल्य म्हणायचं कशाला? एकदा असाच एक प्रसंग चालू होता, सगळं घर बोलतंय आणि ती ओट्यापाशी उभी. काकू म्हणाल्या, "बोल ना बाई काही तरी!" मागून भाचा म्हणाला, "तिले कोणी विचारतेच कुठं?" त्या संध्याकाळचं त्याचं तेवढंच वाक्य.

गप्प माणसाला सरसकट चांगलं ठरवणंही धोक्याचं, हेही मालिकांनीच शिकवलं. २०१८ मध्ये 'तुला पाहते रे' आली आणि सुबोध भावेंचा विक्रांत सरंजामे घराघरांत आदर्श ठरला. शांत, कमी बोलणारा, ऐकून घेणारा, बाईमाणसाशी अदबीने वागणारा. पुढे हाच माणूस खुनी निघाला. अनेकांना फसवल्यासारखं वाटलं. पण मालिकेने आपल्या एका सवयीवर बोट ठेवलं होतं. पैसेवाल्या पुरुषाचं मौन आपण खोली म्हणून वाचतो आणि पुढे प्रश्न विचारत नाही. 'तू तिथे मी'मधल्या चिन्मय मांडलेकरांच्या सत्यजितची शांतता निराळी, संशयाने घोटलेली. बायको मंजिरीला त्याच्या प्रत्येक न बोललेल्या मिनिटाची भीती वाटते. अशा घरात गप्प बसणं हे हत्यार असतं, आणि ज्यांनी असं घर पाहिलं आहे त्यांना सत्यजित समजावून सांगावा लागला नाही.

मग मालिका अबोल माणूस दाखवते कसा? ही अडचण कलेची आहे तेवढीच घराघरातल्या सवयीची. रोजची मालिका आपल्याकडे पाहिली जाते त्याहून जास्त ऐकली जाते. संध्याकाळी सातनंतर टीव्ही समोरच्या खोलीत आणि बाई आत पोळ्या लाटत असते. आवाजावर गोष्ट कळली पाहिजे. त्यामुळे गप्प पात्राला एक ठरावीक सूर देतात, तो वाजला की आतल्या बाईला कळतं की तो आला. त्याच्या मनातलं त्याच्याच आवाजात ऐकवतात. मग तेच मनातलं मित्राला किंवा देवाला सांगायला लावतात. म्हणजे पडद्यावरचा अबोल माणूस खरं तर दिवसभर आपल्याशी बोलत असतो, फक्त घरच्यांशी बोलत नाही. राणादा आम्हाला साफ मनाचा वाटला कारण त्याचं मन आम्हाला ऐकवलं जात होतं. भाच्याच्या मागे कोणी सतार वाजवत नव्हतं. काकूंचा निवाडा दोन वेगळ्या माहितीवर झालेला होता, इतकं साधं उत्तर मला सापडलं तेव्हा काकूंवरचा माझा राग गेला.

'रात्रीस खेळ चाले'तला पांडू या नियमाला अपवाद. दर वेळी 'इसारलंय' म्हणून मोकळा होणारा हा गडी काय जाणतो आणि काय विसरतो, हे लेखकांनी कधी पुरतं उघड केलं नाही. त्याचं मन आपल्याला ऐकवलं गेलं नाही, म्हणून तो शेवटपर्यंत ताजा राहिला.

बाहेरच्या जगात हाच प्रश्न आज बहुतेक वेळा वैद्यकीय शब्दांत विचारला जातो. २०११ च्या 'द ब्रिज' या स्वीडन-डेन्मार्कच्या मालिकेतली पोलीस अधिकारी सागा नोरेन मनात येईल ते थेट बोलते, तिला आडवळणाची भाषा कळत नाही. लेखकांनी तिला कुठलंही निदान दिलं नाही, पण प्रेक्षकांनी ते देऊन टाकलं. २०२२ च्या कोरियन मालिकेतली वकील वू यंग-वू मात्र पहिल्या भागापासून स्वमग्न म्हणूनच ओळखली जाते. या मालिकांमुळे स्वमग्नतेविषयी लोक मोकळेपणाने बोलू लागले, हा त्यांचा मोठा उपकार आहे. आपल्याकडे मात्र त्याचं एक उलटं टोक दिसू लागलं आहे. थोडं गप्प पोर दिसलं की शेजारीपाजारी 'ऑटिझम आहे का बघा' म्हणतात. स्वमग्नता ही लहानपणापासूनची मेंदूच्या घडणीची गोष्ट आहे. संवाद, नजर, हावभाव, आवाज-स्पर्शाची संवेदना, ठरावीक गोष्टींचा आग्रह अशा अनेक अंगांनी ती दिसते आणि निदान तज्ज्ञाने नीट तपासूनच करायचं असतं. चार माणसांसमोर छाती धडधडणं ही वेगळी गोष्ट, तिच्यावर उपचार आहेत. आणि नुसता कमी बोलणारा स्वभाव हा आजारच नाही. राणादा, मेघना, अरुंधती यांच्यावर निदानाची चिठ्ठी चिकटवली तर आपण त्यांच्या भोवतीच्या माणसांना प्रश्न विचारायचं सोडून देऊ. मेघनाच्या वडिलांना कोण विचारणार मग?

मालिकेला जे जमत नाही ते एका मराठी चित्रपटाने करून दाखवलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. आलोक राजवाडेने केलेला तरुण आयुष्याला विटलेला आहे, बोलत नाही, स्वतःची ओळखही देत नाही. इरावती हर्षेची जानकी त्याला कोकणातल्या समुद्राकाठच्या घरी नेते. तिथे कासवांची अंडी जपण्याचं काम चालू आहे. त्याला कोणी खोदून विचारत नाही, जेवायला हाक मारतात आणि तो आला नाही तर ताट झाकून ठेवतात. पिल्लू अंड्यातून आपल्या वेळेला येतं, हे त्या किनाऱ्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. रोज रात्री पुढच्या भागाची उत्सुकता टिकवायची असलेल्या मालिकेला एवढी वाट पाहता येत नाही. पण घराला पाहता येते.

आणि वाट पाहणं, मौन मानणं ही तर आमच्या जिल्ह्याची जुनी ओळख आहे. गांधीजी सोमवारी मौन पाळत. सेवाग्रामात भेटायला आलेल्यांना ते त्या दिवशी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून उत्तर देत. लंडनमध्ये शिकत असताना शाकाहारी मंडळाच्या सभेत त्यांना तोंड उघडता येत नसे, लिहून नेलेलं दुसऱ्याने वाचून दाखवलं, हे त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितलं आहे. याच बुजरेपणाने शब्द जपून वापरायला शिकवलं, असंही ते मानत. देशाला बोलतं करणारा माणूस एके काळी मुखदुर्बळ होता.

पवनारच्या विनोबांची गोष्ट तर मौन कसं चुकीचं वाचलं जातं याचा धडाच आहे. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभराचं मौन घेतलं होतं. मध्येच आणीबाणी आली. त्या काळात त्यांच्याकडून 'अनुशासन पर्व' एवढे दोनच शब्द बाहेर आले आणि सरकारने ते आणीबाणीला आशीर्वाद म्हणून देशभर मिरवले. मौन सुटल्यावर त्यांनी सांगितलं की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं असतं ते शासन. पण तोपर्यंत ते दोन शब्द गावोगावच्या भिंतींवर जाऊन बसले होते. गप्प माणसाच्या तोंडी आपल्या सोयीचा अर्थ घालणं किती सोपं असतं, हे जामपासून थोड्याच अंतरावर घडून गेलं आहे.

असं असूनही टीव्हीवरचा विदर्भातला माणूस मला एकाच साच्यात दिसतो. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली नागपूरची राधिका (२०१६) अनिता दातेंनी जीव ओतून केली, तिची भाषा ऐकून आमच्या घरी आनंद झाला. मुंबईत तिच्या बोलीवरून तिला अडाणी ठरवणाऱ्या नवऱ्याला तिने पुरून उरून दाखवलं. 'चला हवा येऊ द्या'मधल्या भारत गणेशपुरेंनी अमरावतीकडचा लहेजा महाराष्ट्रभर नेला. दोघांचाही अभिमान आहे. पण त्यामुळे वऱ्हाडी-नागपुरी माणूस म्हणजे भरभरून बोलणारा, मोठ्याने हसणारा, एवढंच चित्र रूढ झालं. आमच्याकडेही कमी बोलणारे आहेत. पराटीच्या शेतात दिवसभर एकट्याने राबणारी माणसं बोलकी कशी असतील? त्यांच्या गप्प राहण्यात केवढं चातुर्य असतं ते अजून कोणी लिहिलेलं नाही.

मला एक प्रसंग पडद्यावर पाहायचा आहे. बैलबाजारात दोन माणसं रुमालाखाली हात घालून उभी आहेत. बोटं दाबून भाव ठरतोय. भोवती दहाजण आहेत, कोणालाच आकडा कळत नाही. विकणारा म्हातारा समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतोय, त्याच्या बोटांची घाई त्याला कळलेली आहे, म्हणून तो हात सैल सोडून नुसता उभा राहतो. समोरचा एक बोट वाढवतो. म्हातारा अजून उभाच. पाठीमागे वाजणारं संगीत नको, मनातला आवाज नको. फक्त तो रुमाल, दोन चेहरे आणि बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज. माझा भाचा आता कॉलेजात आहे. हा प्रसंग त्याला सांगितला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिसऱ्या बोटाले थो म्हातारा हसन, पण तोंडात."